बाबासाहेबांची लेखणी आणि चळवळीचा जमाखर्च

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावर आपल्याकडे ग्रंथांची वाण नाही. महाडचा संगर, काळाराम मंदिराचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, राज्यघटना आणि धम्मदीक्षा हे टप्पे आंबेडकरी घरातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत. परंतु एकट्याच्या लेखणीवर पत्र चालविणारा आणि त्यासाठी कागद, छपाई व टपालाच्या खर्चाची चिंता वाहणारा माणूस म्हणून बाबासाहेब आम्ही क्वचितच वाचतो. आज आमचे कितीतरी तरुण इंटरनेटवर एकेकटे लिहीत आहेत, आपापली पत्रे आणि वाहिन्या चालवीत आहेत. त्यातली बरीचशी वर्षा-दोन वर्षांत बंद पडतात. विचार शाबूत असतो, पैसा मात्र संपलेला असतो आणि तो कोठे गेला हे चालविणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून बाबासाहेबांचे चरित्र या अंगाने पुन्हा पाहणे अगत्याचे झाले आहे.

मुळात बाबासाहेब हे अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते, हे आम्ही विसरतो. १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिची वित्तव्यवस्था यांवर प्रबंध लिहिला. पुढे ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेची उत्क्रांती हा त्यांच्या संशोधनाचा विषय झाला व १९२५ साली त्याचा ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला. १८३३ नंतर सगळा महसूल एका मध्यवर्ती तिजोरीत जमा व्हायचा आणि खर्च प्रांतांनी करायचा. खर्च करणाऱ्यावर पैसा उभा करण्याची जबाबदारी नाही आणि म्हणून काटकसरीची गरज नाही, अशी ती अवस्था होती. १८७१ पासून प्रांतांचे हिशेब हळूहळू कसे वेगळे होत गेले, हे बाबासाहेबांनी त्या ग्रंथात दाखविले. ज्याच्या हाती खर्च त्याच्या डोक्यावर जबाबदारी, हे साम्राज्याच्या तिजोरीबाबत खरे असेल तर चार पानी पाक्षिकाबाबतही खरे असते.

एकट्याने धंदा करण्याचा अनुभवही त्यांनी फार लवकर घेतला होता. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली ते परत आले. बडोद्याच्या नोकरीत वाट्याला आलेला छळ सर्वज्ञात आहे. मुंबईला परतल्यावर त्यांनी शेअर्सच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचे काम सुरू केले. ज्ञान उत्तम होते आणि गिऱ्हाईकही येऊ लागले होते. परंतु सल्ला देणारा अस्पृश्य आहे ही वार्ता पसरताच गिऱ्हाईक तुटले आणि तो धंदा बसला. बाजारात फक्त माल आणि भाव पाहिला जातो, असे आजही सांगितले जाते. या देशात बाजारालाही जात असते, हे बाबासाहेबांना तेव्हाच कळून चुकले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये त्यांना सिडनहॅम कॉलेजात दरमहा ४५० रुपयांवर प्राध्यापकाची जागा मिळाली. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. तरीही परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांतला संसार त्यांनी वाढविला नाही. अपुऱ्या राहिलेल्या शिक्षणासाठी पैसा शिलकीत पडत होता. घरखर्च कसा भागवायचा याचा भार माता रमाईंनी उचलला. बाबासाहेबांच्या लेखणीमागचे पहिले भांडवल कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही रमाईंच्या काटकसरीकडे बोट दाखवू.

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी २,५०० रुपयांचे साहाय्य केले. बाबासाहेब सरकारी कॉलेजात नोकरीस असल्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते, पण सुरुवातीच्या अंकांतील अग्रलेख बाबासाहेबांचेच होते. नव्या पत्राची वार्ता लोकांपर्यंत जावी म्हणून ‘केसरी’कडे रोख पैसे भरून जाहिरात देऊ केली असता ती नाकारण्यात आली. शेअर्सच्या सल्ल्यासाठी गिऱ्हाईक नाही आणि रोख पैसे मोजूनही जाहिरातीला जागा नाही, अशा दुहेरी बहिष्कारात आमच्या पत्रकारितेचा जन्म झाला आहे.

जुलै १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. जवळ शिलकीतला पैसा होता आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज होते. अर्धपोटी राहून त्यांनी तेथला अभ्यास पुरा केला. इकडे पत्र दुसऱ्यांच्या हाती होते. मे १९२२ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाले आणि १९२३ साली ‘मूकनायक’ बंद पडला. एका दात्यावर आणि एका लेखकावर उभे असलेले पत्र, त्यातला लेखक दूर गेला आणि दाता हरपला की टिकत नाही. हा धडा बाबासाहेबांना फार महागात मिळाला.

१९२३ साली परत येऊन त्यांनी वकिली सुरू केली. सनदेच्या फीसाठीदेखील भथेनांनीच हात दिला. अस्पृश्य बॅरिस्टरकडे पक्षकार सहजासहजी येत नसत. तेव्हा १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय अकौंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी व्यापारी कायदा शिकविला. उद्याचे हिशेबनीस घडविणाऱ्या संस्थेत आमचा उद्धारकर्ता शिक्षक होता, ही गोष्ट चळवळीच्या व्याख्यानांतून कितीशी सांगितली जाते? १९२५-२६ च्या सुमारास चलनविषयक रॉयल कमिशनपुढे साक्ष देणारा हा अर्थतज्ज्ञ स्वतःच्या पोटापाण्यासाठी अर्धवेळ शिकवीत होता. यात त्यांना कमीपणा वाटला नाही. पोट व्यवसायावर आणि शिकवणीवर चालवायचे व पत्र वर्गणीवर चालवायचे, अशी त्यांची रीत होती.

महाडच्या चवदार तळ्यावरील २० मार्च १९२७ च्या संगरानंतर अवघ्या दोन आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ निघाला. या वेळी संपादक म्हणून बाबासाहेबांचे स्वतःचे नाव होते. त्यांच्या कामाचा पसारा पाहा. मुंबई कायदेमंडळाचे सभासदत्व, कोर्ट, शिकवणी, डिसेंबरातील महाडची दुसरी परिषद आणि पुढच्याच वर्षी सायमन कमिशनपुढील साक्ष. आणि या सर्वांवर कडी म्हणजे पाक्षिकाचे चोवीस रकाने एकट्याने लिहून काढायचे! लेख मागवावे तर लिहिणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. नोकर ठेवावा तर पगाराला पैसा नाही.

पहिले वर्ष सरत आले तेव्हा, ३ फेब्रुवारी १९२८ च्या अंकात, बाबासाहेबांनी पत्राची परिस्थिती वाचकांपुढे उघडी केली. वर्षभर एक पैही मोबदला न घेता आपण हे रकाने भरले, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. पत्राच्या डोक्यावरचे ऋण हे एकट्या संपादकाचे आहे की ते ज्या लोकांसाठी निघते त्या लोकांचेही आहे, असा त्यांचा सवाल होता. आमच्या मते मराठी पत्रकारितेच्या इतिहासातले हे एक मोठे पान आहे. बाबासाहेबांनी तोटा झाकून ठेवला नाही आणि त्यागाचे भांडवलही केले नाही. लोकांकडे भीक न मागता त्यांनी लोकांना ऋणको म्हणून उभे केले. आणि ज्याची वही चोख असते तोच ऋणकोला दारात उभा करू शकतो.

तरीही ‘बहिष्कृत भारत’ नोव्हेंबर १९२९ मध्ये थांबला. दोन वेळच्या भाकरीची भ्रांत असलेला समाज वर्गणी तरी कोठून देणार, हे खरेच. पण एकट्या खांद्यावर पत्र फार काळ चालत नाही, हेही तितकेच खरे. बाबासाहेबांनी त्यातून पुढचा मार्ग काढला. १९२८ मध्ये समाज समता संघाचे ‘समता’ निघाले होते व देवराव नाईकांसारखे सहकारी तयार झाले होते. २४ नोव्हेंबर १९३० रोजी ‘जनता’ सुरू झाले तेव्हा बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला होते. १९२० साली ते लंडनला गेल्यावर पत्र ढासळले होते आणि दहा वर्षांनी ते लंडनला असताना पत्र जन्माला आले. ‘जनता’ १९५६ पर्यंत चालले आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले. माणसे उभी केली, छापखाना उभा केला, म्हणूनच हे घडले.

ग्रंथांच्या बाबतीतही हाच व्यवहार दिसतो. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने परिषदच रद्द केली, तेव्हा बाबासाहेबांनी जातिसंस्थेच्या उच्छेदावरील आपले भाषण स्वतः छापून काढले. किंमत आठ आणे ठेवली. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिताना ही किंमत जास्त आहे, दोन आणे किंवा निदान चार आणे असावी, असे सुचविले. ज्याच्या मागे शेठजींच्या थैल्या आहेत त्याला दोन आणे परवडतात. ज्याला छपाईचे बिल स्वतः भागवायचे आहे त्याला आठ आणेच लावावे लागतात. वाचकांनी निकाल लगेच दिला. पहिल्या आवृत्तीच्या १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या.

आयुष्याच्या शेवटीही लेखकाची ही विवंचना सुटली नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या छपाईचा खर्च सुमारे २०,००० रुपये होता व तो आवाक्याबाहेरचा होता. १४ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून, सरकारने बुद्ध जयंतीच्या निमित्ताने ५०० प्रती विकत घ्याव्यात, असे सुचविले. राखून ठेवलेली रक्कम संपली असल्याचे उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. देशाला राज्यघटना देणाऱ्या माणसाला ५०० प्रतींचे गिऱ्हाईक मिळाले नाही. ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला.

हिशेबाविषयीची ही दृष्टी त्यांनी राज्यघटनेतही आणली. ३० मे १९४९ रोजी घटना समितीत बोलताना, नियंत्रक व महालेखापरीक्षक हा राज्यघटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असे मत त्यांनी मांडले. न्यायाधीशापेक्षाही त्याचे काम मोठे मानले. सरकारने जनतेचा पैसा कसा खर्चिला हे विचारणारा कोणी नसेल तर लोकशाही पोकळ ठरते, हे त्यांना ठाऊक होते.

आता आमच्याकडे वळू या. आम्ही वकिलीच्या निमित्ताने चळवळीतल्या संस्थांची भांडणे जवळून पाहतो. मतभेद तत्त्वाचे असल्याचे दोन्ही बाजू सांगतात. फाईल उघडली की बहुतेक वेळा हरवलेले पावतीपुस्तक निघते. इंटरनेटवर लिहिणाऱ्या आमच्या तरुणांची गतही याहून निराळी नाही. वाचकांनी मोबाईलवरून पाठविलेले शंभर-दोनशे रुपये घरखर्चाच्याच खात्यात जमा होतात. त्यातूनच रिचार्ज, त्यातूनच पोरांची फी आणि त्यातूनच वेबसाईटचे भाडे जाते. वर्षअखेरीस मिळकत किती आणि खर्च किती याचा पत्ता नसतो. मग एखादा विरोधक किंवा आयकर खाते हिशेब मागते आणि प्रामाणिक माणूसही चोरासारखा गप्प बसतो. प्रस्थापितांच्या पत्रांचा तोटा त्यांचे उद्योगधंदे भरून काढतात. आमच्याकडे विश्वासाखेरीज दुसरी ठेव नाही, आणि विश्वास हिशेबाशिवाय टिकत नाही.

उपाय अवघड नाहीत. लेखनाचे बँक खाते वेगळे ठेवा. आलेला प्रत्येक रुपया आणि गेलेला प्रत्येक रुपया त्याच दिवशी वहीत लिहा. देणाऱ्याला पावती द्या. लेखनाला किंमत लावा आणि ती मागताना संकोच करू नका, कारण आठ आणे मागताना बाबासाहेबांना संकोच वाटला नव्हता. वर्षातून एकदा जमाखर्च वाचकांपुढे मांडा. आणि दुसरा लिहिणारा हात तयार करा.

वाचकांचेही कर्तव्य आहे. १४ एप्रिलला आणि १४ ऑक्टोबरला आम्ही हजारो रुपये उधळतो, पण चळवळीच्या पत्राची वर्गणी वर्षानुवर्षे थकवितो आणि फुकट वाचून पुढे पाठवितो. बाबासाहेबांनी १९२८ साली जे ऋण आमच्या नावे लिहून ठेवले, ते अद्याप फिटलेले नाही. ते फेडायचे असेल तर प्रत्येक आंबेडकरी घराने निदान एका पत्राची वर्गणी वेळेवर भरावी आणि पावती मागून घ्यावी.