वाळीत पडलेले अण्णा

रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळ समुद्रकाठी मुरूड नावाचे गाव आहे. नारळीपोफळीच्या बागांत वसलेल्या या गावात धोंडो केशव कर्वे लहानाचे मोठे झाले. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली येथे, आजोळी झाला. घरची स्थिती बेताची होती. तरी मुंबईस राहून ते १८८४ साली बी. ए. झाले आणि १८९१ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. शहरात राहूनही त्यांना गावाचा विसर पडला नाही. गावाच्या हिताची कामे व्हावीत म्हणून 'मुरूड फंड' उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. अशा मुलाचा गावाला अभिमान वाटावा, यात नवल ते काय?

१८९१ साली त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. पुन्हा लग्न करावे, असा आप्तांचा आग्रह सुरू झाला. त्या काळी विधुर पुरुष कितीही मोठा असला, तरी दहाबारा वर्षांच्या मुलीशी त्याने लग्न केले तर कोणी नाव ठेवीत नसे. परंतु एखादी मुलगी आठव्या वर्षी विधवा झाली, तर तिने जन्मभर तसेच राहावे, अशी रूढी होती. विधवांच्या पुनर्विवाहाला १८५६ सालच्या कायद्याने मोकळीक दिली होती खरी. पण कायदा सरकारदरबारी राहिला आणि घराघरांत रूढीचेच राज्य चालू राहिले.

हा अन्याय कर्व्यांच्या मनाला बोचत होता. लग्न करायचे तर विधवेशीच, असा त्यांनी निश्चय केला. त्यांचे स्नेही नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई बालपणीच विधवा झाली होती आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात दोघांचा विवाह झाला. गोदूबाईंचे नाव आनंदीबाई झाले.

ही वार्ता मुरुडास पोहोचताच गाव खवळले. गावकऱ्यांनी सभा भरवून कर्व्यांवर बहिष्कार घातला. त्यांना घरात घेतले, तर त्यांच्या आईवर आणि भावावरही बहिष्कार पडेल, अशी जरब बसविण्यात आली.

कर्वे काही बदलले नव्हते. कालपर्यंत गाव ज्यांची वाखाणणी करीत होते, तेच ते शांत, सरळ आणि कष्टाळू गृहस्थ होते. त्यांनी कोणाला फसविले नव्हते, कोणाचे काही लुबाडले नव्हते. आणि गावकरीही दुष्ट नव्हते. संकटात एकमेकांच्या मदतीला धावणारीच ती माणसे होती. मग असे का झाले? माणूस आपल्या जातीला, गावाला धरून राहतो, तेव्हा कोणते कृत्य चांगले आणि कोणते वाईट, हे तो पुष्कळदा त्या समूहाच्या रीतीवरूनच ठरवितो. खोटे बोलणाऱ्याला पंक्तीतून कोणी उठवीत नसे. रीत मोडणाऱ्याला मात्र क्षमा नसे. शिवाय वाळीत टाकलेल्या माणसाशी संबंध ठेवणाराही वाळीत पडे. त्यामुळे ज्यांना मनातून कर्व्यांचे पटत होते, त्यांचीही तोंडे बंद झाली.

कर्व्यांपुढे मोठा पेच होता. प्रायश्चित्त घ्यावे, तर आपण केले ते पाप होते असे मान्य केल्यासारखे होणार. घरी राहण्याचा हट्ट धरावा, तर आपल्या निश्चयाची शिक्षा आईला भोगावी लागणार. त्यांनी प्रायश्चित्त घेतले नाही आणि हट्टही धरला नाही. आईपासून दूर राहण्याचे दुःख त्यांनी मुकाट्याने सोसले. पण गावाविषयी मनात कडवटपणा येऊ दिला नाही.

१८९६ साली त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगणे येथे एका साध्या झोपडीत नेला. महाविद्यालयातील काम आटोपून ते हिंगण्यापर्यंत पायी चालत जात. आश्रमात मुलींना शिक्षण मिळे. परंतु पुनर्विवाहाचा प्रचार तेथे होत नसे. तसा प्रचार केला, तर भयाने कोणी मुली पाठविणार नाही, हे ते जाणून होते. काही सुधारकांना हे रुचले नाही. म्हणजे ज्यांना कर्वे आपले म्हणत, त्यांचाही रोष त्यांना पत्करावा लागला. तरीही आपल्या बुद्धीला जे योग्य वाटले, तेच त्यांनी केले.

हळूहळू लोकांचा विश्वास बसू लागला. १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातुःश्रींचे नाव, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, विद्यापीठास मिळाले. पुढे या विद्यापीठाचे मुख्य केंद्र मुंबईस आले. मुंबईच्या उपनगरांतही, जुहू येथे, त्याचा विस्तार झालेला आहे.

१९५८ साली अण्णासाहेबांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली. त्याच वर्षी त्यांना 'भारतरत्न' हा सर्वोच्च सन्मान मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

सन्मान लाभण्याच्या कितीतरी आधी, १९४४ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी त्यांनी समता संघ स्थापिला होता. माणसामाणसांतील उच्चनीचभाव नाहीसा व्हावा, हा त्याचा हेतू होता. आपल्या माणसांनी दूर लोटले म्हणजे काय वाटते, हे अण्णांनी अनुभवले होते. आपल्या माणसांवर प्रेम करावे. पण त्यांची चूक दिसली, तर ती चूकच आहे असे म्हणण्याचे धैर्यही अंगी असावे, हे त्यांच्या चरित्रावरून शिकता येते.