शिकवून शिकवून आवाज गेला, शाळा सोडली आणि 59 व्या वर्षी अमेरिकन रेड क्रॉस उभी केली

रेड क्रॉसचं चिन्ह माहीत नाही असा माणूस सापडणार नाही. पण ही संस्था अमेरिकेत उभी करणारी क्लारा बार्टन मूळची शाळेतली शिक्षिका होती, हे फार कमी लोकांना माहितीये. आणि शाळा तिने हौसेने सोडली नव्हती. पंधराएक वर्षं शिकवल्यावर ती पार कोलमडली होती. आज आपण ज्याला बर्नआउट म्हणतो, तेच. फक्त 1854 साली त्याला नाव नव्हतं.

क्लाराचा जन्म 25 डिसेंबर 1821 चा, मॅसॅच्युसेट्समधल्या ऑक्सफर्डचा. पाच भावंडांत शेंडेफळ आणि कमालीची लाजाळू. ती 11 वर्षांची असताना तिचा भाऊ डेव्हिड छपरावरून पडला. तेव्हा जवळपास दोन वर्षं ती त्याच्या उशाशी होती. पोरीचा बुजरेपणा कसा जाईल, ही घरच्यांना चिंता. त्या काळी डोक्याचा आकार पाहून स्वभाव सांगणाऱ्या तज्ज्ञांची चलती होती. अशाच एकाने सल्ला दिला, हिला शिक्षिका करा. सल्ल्यामागचं शास्त्र भंपक होतं, पण सल्ला लागू पडला. 17 व्या वर्षी क्लारा वर्गावर उभी राहिली.

वर्गात दांडगट पोरं होती. तिने छडी उचलली नाही, मधल्या सुट्टीत सरळ त्यांच्या खेळात उतरली. पोरं गार! पुढे दहाएक वर्षं आजूबाजूच्या शाळांमधून ती शिकवत राहिली.

खरी गोष्ट सुरू होते 1852 मध्ये, न्यू जर्सीतल्या बोर्डेनटाउन गावात. तिथे शाळांना फी होती, त्यामुळे गरिबांची पोरं रस्त्यावर उंडारत असायची. फुकटची शाळा म्हणजे भिकाऱ्यांची शाळा, असा गावाचा समज. बार्टन बाई शाळा समितीकडे गेल्या आणि म्हणाल्या, जागा आणि खर्चाचं तुम्ही बघा, तीन महिने मी बिनपगारी शिकवते. पहिल्या दिवशी आली सहा मुलं. पण वर्षभरात आकडा काहीशेवर गेला. गावाला नवी इमारत बांधावी लागली.

इमारत झाली आणि समितीला वाटलं, एवढ्या मोठ्या शाळेचा कारभार बाईच्या हाती कसा द्यायचा? बाहेरून एक पुरुष मुख्याध्यापक आणला. त्याला वर्षाला 600 डॉलर. शाळा शून्यातून उभी करणाऱ्या बाईंना 250, आणि पद सहायक शिक्षिकेचं.

फुकट शिकवायला बाईंची कधीच ना नव्हती. पण पुरुषाचंच काम पुरुषापेक्षा कमी पैशात करायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. काही महिने त्यांनी रेटलं. मग तब्येत ढासळली, आवाज बसला तो उठेचना. शिक्षिकेचा आवाजच गेला म्हटल्यावर राहिलं काय? फेब्रुवारी 1854 मध्ये, 32 व्या वर्षी त्यांनी शाळा सोडली.

त्या काळात लग्न न झालेल्या बाईसाठी शिक्षकीपलीकडे इज्जतीचं काम जवळपास नव्हतंच. तरी त्या वॉशिंग्टनला गेल्या आणि पेटंट ऑफिसात कारकून म्हणून लागल्या. पगार वर्षाला 1,400 डॉलर, म्हणजे पुरुषांइतकाच. बाजूचे कारकून तोंडावर सिगारचा धूर सोडायचे, काहीबाही बोलायचे. त्यात बायका कार्यालयात नकोत असं मानणारा वरिष्ठ आला. नोकरी गेली, शब्दांच्या हिशोबाने पैसे मिळणारं नक्कलनवीसाचं काम उरलं. 1857 मध्ये सरकार बदललं आणि तेही गेलं. तीनेक वर्षं त्या गावी परतल्या. म्हणजे नवीन करिअरचा पहिला प्रयत्नही फसल्यातच जमा होता.

लिंकन निवडून आल्यावर त्या वॉशिंग्टनला परतल्या. एप्रिल 1861 मध्ये यादवी युद्ध पेटलं. बाल्टिमोरमध्ये जमावाने मॅसॅच्युसेट्सच्या रेजिमेंटवर हल्ला केला. सैनिक कसेबसे राजधानीत पोहोचले आणि त्यांना सिनेटच्या सभागृहात उतरवण्यात आलं. बार्टन बाई मदतीला गेल्या, तर त्यातले काही चेहरे ओळखीचे. त्यांच्याच वर्गात बसलेली पोरं!

वय 39. इथून पुढे त्या थांबल्या नाहीत. औषधं, पट्ट्या, खाणं गोळा करायचं, गाड्या भरायच्या आणि थेट आघाडीवर न्यायच्या. सप्टेंबर 1862 मध्ये अँटीटमच्या लढाईत त्या एका जखमी जवानाला सावरत असताना गोळी त्यांच्या बाहीतून आरपार गेली आणि तो जवान दगावला. नर्सिंगचं कुठलंही प्रशिक्षण नव्हतं. होता तो भावाच्या आजारपणाचा अनुभव, आणि पदरात काही नसताना लोकांकडून सामान उभं करायची बोर्डेनटाउनपासूनची सवय.

युद्ध संपल्यावर त्यांनी बेपत्ता सैनिकांचा शोध घेणारं कार्यालय काढलं. 63,000 हून जास्त पत्रं हाताळली आणि 22,000 पेक्षा जास्त जवानांचं पुढे काय झालं ते त्यांच्या घरच्यांना कळवलं. जोडीला गावोगाव व्याख्यानं. आणि 1868 मध्ये भर व्याख्यानात आवाज पुन्हा गेला.

हे दुसऱ्यांदा झालं म्हणून मुद्दाम सांगतोय. आवडीचं काम मिळालं की थकवा येत नाही असं मोटिव्हेशनल रील्समध्ये सांगतात. बार्टन बाईंचं आयुष्य तसं सांगत नाही. काम जिवाभावाचं होतं, तरी शरीर मोडलंच.

डॉक्टरांनी विश्रांतीसाठी युरोपला पाठवलं. तिथे जिनिव्हात त्यांना पहिल्यांदा रेड क्रॉसबद्दल कळलं. विश्रांती कसली, 1870 मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध सुरू झालं आणि बाई तिथेही मदतीला हजर. 1873 मध्ये अमेरिकेत परतल्या त्या पुन्हा आजारी पडूनच. पुढची काही वर्षं उपचारात गेली. 1876 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सविलच्या आरोग्यधामाजवळ मुक्काम हलवला, तिथे हळूहळू सावरल्या.

आता अमेरिकेत रेड क्रॉस हवी, हा ध्यास. अडचण अशी की आपल्याकडे आता पुन्हा तसं युद्ध होणारच नाही, असं सरकारला वाटत होतं. बाईंनी मुद्दा फिरवला. युद्ध नसेल, पण पूर, आगी, वादळं तर आहेत! 21 मे 1881 रोजी अमेरिकन रेड क्रॉस स्थापन झाली. बाई 59 वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी मिशिगनमध्ये जंगलं पेटली आणि पहिली मदत तिथे गेली. पुढच्या वर्षी अमेरिकेने जिनिव्हा करारावर शिक्कामोर्तब केलं.

1889 मध्ये जॉन्सटाउनचं धरण फुटून 2,209 माणसं गेली, तेव्हा 67 वर्षांच्या बाई तिथे पाचेक महिने ठाण मांडून होत्या. 1898 च्या क्युबातल्या युद्धात त्या 76 वर्षांच्या.

सगळं स्वतःच्या हाती ठेवायची खोड मात्र सुटली नाही. संस्था मोठी झाली, हिशोबांवर प्रश्न उठले आणि 1904 मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. आपण उभं केलेलं दुसऱ्यांच्या हाती जाताना त्या दुसऱ्यांदा पाहत होत्या. फरक इतकाच, यावेळी वय 82 होतं आणि टीकाकारांचं म्हणणं सगळंच चूक नव्हतं.

पुढच्याच वर्षी त्यांनी प्रथमोपचार शिकवणारी नवी संघटना काढली. म्हणजे शेवटी पुन्हा शिकवणंच. 12 एप्रिल 1912 रोजी मेरीलँडमधल्या ग्लेन एको इथे, वयाच्या 90 व्या वर्षी त्या गेल्या. त्यांचं ते घर आज राष्ट्रीय स्मारक आहे.