भास्कराचार्यांचे दुसरे उत्तर

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत गणित कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण भास्कराचार्यांनी ‘लीलावती’चा आरंभच गजाननाला वंदन करून केला आहे. शिवाय दहावीत आपल्या मुलांना घाम फोडणारी वर्गसमीकरणे (इथल्या हिंदी पुस्तकांतली द्विघात समीकरणे) कशी सोडवावीत, हे त्यांनी ‘बीजगणित’ या ग्रंथात समजावून सांगितले आहे.

त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ चा. गाव सह्याद्रीजवळचे विज्जडवीड. ते आजचे कोणते, यावर विद्वानांचे एकमत नाही. वडील महेश्वर ज्योतिषी होते आणि तेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० च्या सुमारास, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. लीलावती आणि बीजगणित हे त्याचेच भाग मानले जातात. ‘करणकुतूहल’ लिहिले तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. घटिकापात्रात मोती पडून लीलावतीचा मुहूर्त हुकल्याची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. पण ती आचार्यांच्या ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातील फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरातून ती पसरली.

वर्गसमीकरणाच्या रीतीला ते मध्यमाहरण म्हणत, म्हणजे मधले पद काढून टाकणे. त्यांचेच एक उदाहरण घेऊ. वानरांच्या कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग एवढी वानरे रानात खेळत आहेत आणि उरलेली १२ टेकडीवर आहेत. तर एकूण किती? संख्या क्ष मानून ६४ ने गुणले की क्ष² − ६४क्ष = −७६८ असे येते. क्षचा वर्ग आणि क्ष दोन्ही एकत्र असल्याने सरळ मूळ काढता येत नाही. म्हणून ६४ चे निम्मे ३२, त्याचा वर्ग १०२४, तो दोन्ही बाजूंना मिळवायचा. आता डावीकडे (क्ष − ३२) चा पूर्ण वर्ग आणि उजवीकडे २५६. मूळ घेतले की क्ष − ३२ हे +१६ किंवा −१६. म्हणून वानरे ४८ किंवा १६. ताळा करून पाहा, दोन्ही उत्तरे बसतात. आचार्यांनी दोन्ही स्वीकारली.

दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग एवढी वानरे गुहेत गेली आणि एक झाडावर दिसते. उत्तरे येतात ५० आणि ५. दोन्ही धन आहेत, समीकरणातही बसतात. तरी ५ त्यांनी नाकारले, कारण ५ चा पाचवा भाग १ आणि त्यातून ३ वानरे वजा करता येत नाहीत. ऋण उत्तर आले की खोडायचे, एवढेच आम्हाला शाळेत सांगितले होते. इथे तो नियम लावला असता तर ५ सुटून गेले असते! उत्तर प्रश्नात परत ठेवून पाहायचे, हे मला फार उशिरा कळले.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणून मधल्या सहगुणकाचा वर्ग मिळवायचा, ही अपूर्णांक टाळणारी युक्ती श्रीधराचार्यांची. आपल्या पाठ केलेल्या सूत्रातला चार तिथलाच. श्रीधरांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. भास्कराचार्यांनी त्यांचे नाव घेऊन नियम दिला म्हणून तो आपल्यापर्यंत पोचला.

आचार्यांचे चिरंजीव लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव दोघेही यादवांच्या पदरी होते. चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी खानदेशातील पाटण येथे मठ काढला. तेराव्या शतकाच्या आरंभीचा तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. आपण जबलपूरहून मुंबईला जाताना भुसावळ, जळगावनंतर चाळीसगाव लागते. पाटणदेवी तिथून जवळच, डोंगराच्या पायथ्याशी आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत असून त्यात मठासाठी लावून दिलेले उत्पन्न नोंदवले आहे: बाजारातल्या खरेदी-विक्रीवर ठरलेला वाटा आणि प्रत्येक तेलघाण्यामागे पळीभर तेल.