नळीत जिंकलेलं औषध माणसात का हरलं? रॉबर्ट कॉख यांची अर्धीच सांगितली जाणारी गोष्ट

२४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन असतो, तो रॉबर्ट कॉख यांच्यामुळे. १८८२ साली याच तारखेला त्यांनी बर्लिनमध्ये टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. आयुष्यातला सगळ्यात मोठा पराभवही त्यांना याच जंतूने दिला.

१८४३ मध्ये जर्मनीतल्या क्लाउस्टालला जन्मलेले कॉख आधी एका लहान गावात सरकारी डॉक्टर होते. तिथेच त्यांनी अँथ्रॅक्सच्या जंतूचा छडा लावला. मग टीबी, मग कॉलरा. त्यासाठी तर ते कलकत्त्यापर्यंत आले.

जंतू सापडला, आता औषध हवं होतं. कॉख एकेक रसायन जंतूंवर टाकून पाहू लागले. सोन्याच्या सायनाइड संयुगांनी कमाल केली: २० लाखांत एक भाग इतकी विरळ असतानाही टेस्ट ट्यूबमधली वाढ थांबली. आजारी प्राण्यांना दिल्यावर मात्र काहीच फरक पडला नाही. नळीत जंतू थेट औषधात बुडालेला असतो. शरीरात औषधाला रक्तातून, मेलेल्या पेशींच्या गाठीत शिरून त्याला गाठावं लागतं, तेही रुग्णाला अपाय न करता. (टीबीवर औषध सापडल्याचे फॉरवर्ड येतात ना, त्यातले बरेच या नळीच्याच टप्प्यावरचे असतात.)

हे ठाऊक असूनही कॉख यांनी ऑगस्ट १८९० मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत सांगून टाकलं की, नळीत आणि गिनीपिगमध्येही टीबी रोखणारा पदार्थ मिळालाय. माणसांवरचा पुरेसा पुरावा नव्हता. नोव्हेंबरपासून देशोदेशीचे रुग्ण बर्लिनला धावले. शेरलॉक होम्सचे लेखक आणि पेशाने डॉक्टर असलेले आर्थर कॉनन डॉयलही पाहायला गेले आणि शंका घेऊन परतले. औषधात काय आहे, हे तर कॉख सांगतच नव्हते. ते १८९१ मध्ये कळलं: टीबीच्या जंतूंचा ग्लिसरीनमधला अर्क, म्हणजेच ट्युबरक्युलिन.

त्याने जंतू मरत नव्हते, फक्त रोगाच्या जागी जोरदार सूज आणि ताप येत होता. फिरशॉ यांनी मृतांची शवविच्छेदनं केली, तेव्हा नव्या गाठी उठलेल्या दिसल्या. सरकारी अहवालात १,७०० हून जास्त रुग्ण होते. बरे झालेले शंभरात दोनही नव्हते.

कॉख यांना १९०५ मध्ये नोबेल मिळालं, १९१० मध्ये बाडेन-बाडेनला त्यांचं निधन झालं. ट्युबरक्युलिन मात्र टिकलं. हातावर छोटं इंजेक्शन देऊन दोन-तीन दिवसांनी फुगवटा मोजतात, त्या मॅन्टू टेस्टमध्ये त्याचंच शुद्ध रूप वापरतात.