विल्यम केरी : निवड ईश्वराची, प्रयत्न माणसाचे

इंग्लंडमध्ये १७६१ साली जन्मलेले विल्यम केरी जोडे शिवून चरितार्थ चालवीत. ते ज्या बॅप्टिस्ट पंथात धर्मोपदेशक झाले, तेथे तारणासाठी कोणाची निवड करायची हे ईश्वर आधीच ठरवतो, अशी श्रद्धा होती. मग धर्मप्रसाराचा खटाटोप कशाला, असा अनेक ज्येष्ठांचा सूर असे. ईश्वरी संकल्प मानवी प्रयत्नांतूनच सिद्धीस जातो, असे केरी यांनी १७९२ च्या पुस्तिकेत मांडले आणि १७९३ मध्ये बंगाल गाठले. तेथे मुलगा दगावला, पत्नीला मनोविकार जडला. पहिल्या हिंदू व्यक्तीच्या बाप्तिस्म्याला १८०० साल उजाडले. धर्मांतरांपेक्षा त्यांचे मराठी व्याकरण (१८०५) आणि कोश (१८१०) हेच मराठी माणसाला अधिक मोलाचे. १८१२ मध्ये श्रीरामपूरचा छापखाना हस्तलिखितांसह जळाला. ईश्वरेच्छा मानून त्यांनी पुन्हा लेखणी उचलली. १८३४ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.