थोर कोण? जिंकणारा की चूक कबूल करणारा?

प्राचीन जगातील सर्वांत थोर राजा कोण, हा वाद निघाला की कुणी अलेक्झांडरचे नाव घेतो, कुणी ज्युलियस सीझरचे. किती मुलूख जिंकला, हीच थोरपणाची मोजपट्टी शाळेच्या पुस्तकांनी आमच्या डोक्यात बसवली आहे. आमचा आक्षेप या मोजपट्टीलाच आहे. तथागतांना आम्ही या वादात ओढत नाही, कारण वाद राज्यकर्त्यांचा आहे. त्यात आमचे उत्तर एकच : सम्राट अशोक.

चंद्रगुप्त मौर्याचा हा नातू, बिंदुसाराचा पुत्र. इ.स.पूर्व २६८ च्या सुमारास तो पाटलीपुत्राच्या गादीवर आला. राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी त्याने कलिंग जिंकले. दीड लाख माणसे पकडून नेली, एक लाख कापली गेली आणि त्याहून कितीतरी अधिक मागाहून मेली. हे आकडे कुणा शत्रूने लिहिलेले नाहीत. अशोकाने स्वतःच ते तेराव्या शिलालेखात कोरविले, आपल्या पश्चात्तापासह! अलेक्झांडरने इ.स.पूर्व ३३५ मध्ये थीब्स शहर जमीनदोस्त करून तेथील माणसे गुलाम म्हणून विकली. त्याची अशी कबुली कोणत्या दगडावर आहे?

यापुढे धम्माचा विजय हाच खरा विजय, असे अशोकाने ठरविले. माणसांसाठी व जनावरांसाठीही औषधोपचार, रस्त्याकडेला विहिरी आणि वडाची झाडे, प्रजेचे गाऱ्हाणे केव्हाही आपल्या कानावर घालण्याची अधिकाऱ्यांना आज्ञा, परपंथाचा आदर : हा त्याचा कारभार. लेख कोरविले ते लोकांच्या प्राकृतात. वायव्य सीमेवर ग्रीक व अरामी भाषेतही. आपल्या सोपाऱ्यालाही १८८२ मध्ये त्याच्या लेखाचा तुकडा सापडला.

मात्र आम्ही विभूतिपूजक नाही. अशोकाने कलिंग परत केले नाही. देहान्ताची शिक्षा रद्द केली नाही. शिक्षा झालेल्यांना तीन दिवसांची मुदत तेवढी दिली. त्याच तेराव्या लेखात जंगलातील लोकांना दमही भरला आहे. आणि ज्या कलिंगात रक्त सांडले, तेथील धौली व जौगड येथे हा कबुलीचा लेख कोरलेलाच नाही. हे सारे मान्य करूनही आमचे उत्तर बदलत नाही. ऐन विजयाच्या क्षणी, कुणी भाग पाडलेले नसताना, स्वतःला दोषी धरणारा दुसरा सम्राट त्या काळात आम्हास दिसत नाही.

अशा राजाचे येथे काय झाले? पुराणांनी राजवंशांच्या यादीत त्याचे नाव तेवढे ठेवले. त्याच्या लेखांची लिपीही लोक विसरले. ती १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने उलगडली. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षेसाठी अशोक विजयादशमीच निवडली आणि विस्मरणात ढकललेला हा वारसा आमच्या हाती दिला.

दरवर्षी त्या दिवशी आम्ही अशोकाचा जयजयकार करतो. पण गटातटांत विखुरलेल्या चळवळीत आपली चूक झाली, असे चारचौघांत सांगणारे किती? बारीकसारीक पद मिळाले तरी आमच्याकडून चूक कबूल होत नाही. अशोकाने तर साम्राज्य हाती असताना ती केली. त्याचा वारसा सांगायचा असेल, तर सुरुवात येथूनच करावी लागेल.