हजाराव्या भागाचा हट्ट

ब्रँच कुठलीही असो, फर्स्ट इयरला फिटिंग शॉपमध्ये कानस मारून ज्याचे हात दुखले नाहीत असा प्राणी आपल्या होस्टेलमध्ये सापडायचा नाही. मेल-फीमेल जॉब एकदाचा एकमेकांत बसला की सर सही करतात आणि आपण सुटतो. पण माझा मेल शेजारच्याच्या फीमेलमध्ये बसत नाही, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक असतं. बसायचं कारणच नाही. मी माझा घासला, त्याने त्याचा घासला.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जगातल्या बहुतेक मोटारगाड्या याच पद्धतीने बनत होत्या म्हटलं तर विश्वास बसणार नाही. भारीतली भारी गाडी घ्या, तिचा प्रत्येक भाग कारागिराने त्याच गाडीसाठी घासून बसवलेला असे. पिस्टन मोडला तर दुसऱ्या गाडीचा चालायचा नाही. मालकाने पुन्हा कारागिराच्या दारात जायचं. ही पद्धत ज्यांनी मोडली त्यात एका म्हाताऱ्याचं नाव फार वर आहे, आणि आपल्यातल्या नव्वद टक्के मुलांनी ते ऐकलेलं नाही. हेन्री मार्टिन लेलँड. कॅडिलॅक ही गाडी त्याची आणि लिंकन हीसुद्धा त्याचीच. अमेरिकेतल्या दोन सर्वांत नावाजलेल्या आलिशान गाड्या एकाच माणसाने काढल्या, आणि दोन्ही त्याच्या हातून गेल्या. (आपल्या अशोक लेलँडशी याचा काडीचा संबंध नाही. ते इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव आहे. रूममेटने पहिला प्रश्न हाच विचारला म्हणून सांगून टाकतो. आणि अरे-तुरे करतोय त्याबद्दल कुणी रागावू नये, सचिनला आपण कुठे अहो-जाहो करतो?)

लेलँडचा जन्म १८४३ चा, व्हरमाँट राज्यातल्या शेतकऱ्याच्या घरातला. आठ भावंडांतला हा धाकटा. घरची परिस्थिती बेताची. चौदाव्या वर्षी, म्हणजे आपण नववीत असतो त्या वयात, तो मागाच्या कारखान्यात कामाला लागला. कॉलेज नाही, डिग्री नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात तो स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्र कारखान्यात यंत्रं चालवत होता. तिथून पुढे रिव्हॉल्व्हरसाठी प्रसिद्ध असलेल्या कोल्ट कंपनीत गेला.

हे बंदुकांचं प्रकरण नीट लक्षात घ्यायला हवं. लढाईच्या मैदानात कानस घेऊन बसायला वेळ नसतो. एका बंदुकीचा भाग दुसरीत बसलाच पाहिजे, म्हणून सुटे भाग एकसारखे बनवायची विद्या अमेरिकेत आधी शस्त्रांच्या कारखान्यांत वाढली. लेलँडने ती तिथे उचलली. १८७२ मध्ये तो प्रॉव्हिडन्सच्या ब्राऊन अँड शार्प कंपनीत आला आणि जवळजवळ अठरा वर्षं राहिला. इलेक्ट्रिकलवाल्यांनो, तुम्ही वायरचा जो अमेरिकन गेज वापरता तो या कंपनीचा. मायक्रोमीटर अमेरिकेतल्या वर्कशॉपमध्ये सर्रास दिसू लागला तोही हिच्यामुळेच. तिथे लेलँडकडे शिलाई मशिनचा विभाग होता. न्हाव्याच्या हातातलं केस कापायचं मशीनही त्याच्याच डोक्यातून निघालं असं म्हणतात. पुढे कंपनीने त्याला यंत्रं विकायला गावोगाव पाठवलं, आणि दुसऱ्यांचे कारखाने किती ढिसाळ चालतात हे त्याने डोळ्यांनी पाहिलं.

१८९० मध्ये, सत्तेचाळीसाव्या वर्षी, तो डेट्रॉइटला आला आणि फॉकनर नावाच्या लाकूड व्यापाऱ्याच्या भांडवलावर स्वतःचा कारखाना काढला. गिअर कापणे हे मुख्य काम. सायकलचे गिअर, मग बोटींची इंजिनं, आणि १९०१ पासून ओल्ड्समोबिल गाडीची इंजिनं. त्याच मापाच्या इंजिनात सुधारणा करून त्याने ताकद जवळजवळ तिप्पट केली आणि ओल्ड्सवाल्यांपुढे ठेवलं. ते नको म्हणाले. गाडीचा खप जोरात होता, मधेच इंजिन बदललं तर उत्पादन अडणार. धंद्याच्या हिशोबाने त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. ते नाकारलेलं इंजिन लेलँडच्या शेडमध्ये पडून राहिलं.

इथे दुसरा हेन्री येतो. हेन्री फोर्ड. आजच्या फोर्ड कंपनीच्या आधी त्याने दोन कंपन्या काढल्या होत्या. त्यातल्या दुसरीत त्याचं आणि भांडवलदारांचं पटेना. त्यांना गाडी बाजारात हवी होती आणि फोर्ड रेसच्या गाडीत गुंतलेला. मार्च १९०२ मध्ये तो नऊशे डॉलर आणि रेसच्या गाडीची ड्रॉइंग्ज घेऊन बाहेर पडला. भांडवलदारांनी कारखाना मोडीत काढायचं ठरवलं आणि यंत्रांची किंमत करायला लेलँडला बोलावलं. लेलँडने किंमत केली, पण येताना ते पडून राहिलेलं इंजिन बरोबर आणलं आणि सांगितलं की धंदा बंद करू नका, या चॅसिसवर हे इंजिन बसवा. ऑगस्ट १९०२ मध्ये कंपनीचं नाव बदललं. दोनशे वर्षांपूर्वी, १७०१ मध्ये, डेट्रॉइट शहर वसवणाऱ्या फ्रेंच सरदाराचं नाव दिलं, कॅडिलॅक. तेव्हा लेलँड एकोणसाठ वर्षांचा होता. आपल्याकडे या वयात शाल-श्रीफळ देतात.

जानेवारी १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात गाडी ठेवली. एक सिलिंडर, किंमत साडेसातशे डॉलर. विक्री सांभाळणाऱ्या मेट्झगरने आठवडाभरात दोन हजारांवर ऑर्डर घेतल्या आणि नंतर वर्षाचा माल संपला असं जाहीर करून टाकलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी फोर्डची नवी गाडी आली, तीही दिसायला जवळपास अशीच. मूळ आराखडा एकाच डोक्यातला ना! फरक आतल्या इंजिनात होता आणि ते बनवणाऱ्या मापात होता.

आता सगळ्यात भारी प्रसंग. त्या काळी इंग्लंडमध्ये अमेरिकन गाडी म्हणजे स्वस्तातला माल, असं समजत. कॅडिलॅकचा लंडनचा एजंट फ्रेडरिक बेनेट याला हे झोंबलं. १९०८ मध्ये त्याने तिथल्या रॉयल ऑटोमोबाईल क्लबच्या देखरेखीखाली एक चाचणी लावली. क्लबच्या लोकांनी त्याच्या साठ्यातल्या तीन गाड्या स्वतः निवडल्या. त्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर नेल्या, चालवून पाहिल्या, आणि मग पार सुट्ट्या केल्या. एका गाडीचे ७२१ भाग. तीन गाड्यांचे दोन हजारांवर भाग एकाच ढिगात मिसळले. त्यातले ८९ भाग क्लबने बाजूला काढले आणि त्यांच्या जागी एजंटच्या दुकानातले नवे स्पेअर दिले. मेकॅनिकच्या हातात फक्त पाने आणि स्क्रूड्रायव्हर, कानसेला बंदी. त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या उभ्या राहिल्या. रंगांची पार सरमिसळ झालेली, पण तिन्ही सुरू झाल्या आणि ट्रॅकवर पाचशे मैल पळाल्या. क्लबने मानाची ड्यूअर ट्रॉफी दिली. अमेरिकन गाडीला ती पहिल्यांदाच मिळाली.

हे वाचल्यावर मी माझा जॉब पुन्हा काढून पाहिला. असो.

हे जमलं कसं, तर मापांच्या हट्टाने. इंचाचा हजारावा भाग म्हणजे सुमारे पंचवीस मायक्रॉन. आपला केस त्याहून जाड असतो. लेलँडच्या कारखान्यात महत्त्वाचे भाग या हिशोबात बनत आणि प्रत्येक टप्प्यावर गेज लागे. बसलं तर पुढे, नाही तर भंगारात. मेट्रॉलॉजी लॅबमध्ये पेटीत ठेवलेले स्लिप गेज आपण घासून एकाला एक चिकटवतो, ते स्वीडनच्या योहान्सन नावाच्या माणसाचे. अमेरिकेत ते सर्वांत आधी मागवणाऱ्यांत लेलँड होता. कामगार तयार करायला त्याने कारखान्यातच तंत्रशाळा काढली.

आल्फ्रेड स्लोन, जो पुढे जनरल मोटर्सचा प्रमुख झाला, तो तरुणपणी लेलँडला बेअरिंग पुरवत असे. एकदा बेअरिंगची तक्रार आली म्हणून तो धावत डेट्रॉइटला गेला. पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याने काही बेअरिंग टेबलावर मांडली, मायक्रोमीटर लावला आणि मापं दाखवली. नमुना चांगला असून भागत नाही, हजारोंनी पाठवलेलं प्रत्येक नग तसंच पाहिजे, असा त्या बोलण्याचा मथितार्थ. एमआयटीचा इंजिनिअर असलेल्या स्लोनने मोठ्या पैमान्यावरचं उत्पादन म्हणजे काय हे आपण त्या दिवशी शिकलो असं पुढे आठवणींत लिहून ठेवलं. डिग्रीवाल्याची ओरल बिनडिग्रीवाल्याने घेतली ती अशी.

१९०९ मध्ये जनरल मोटर्सने कॅडिलॅक विकत घेतली, पण चालवायला लेलँड आणि त्याचा मुलगा विल्फ्रेड यांनाच ठेवलं. या काळात मालकांच्या दृष्टीने सगळ्यात मोठा बदल झाला तो सेल्फ स्टार्टरचा. तोवर गाडी सुरू करायची म्हणजे पुढे उभं राहून हँडल मारायचं. स्पार्क थोडा आधी पडला की हँडल उलटं फिरणार आणि मनगट मोडणार. बायरन कार्टर नावाचा लेलँडचा एक मित्र होता, स्वतः गाड्या बनवणारा. रस्त्यात बंद पडलेल्या एका बाईंची कॅडिलॅक सुरू करून देताना हँडलचा तडाखा बसून तो पुढे दगावला आणि लेलँडने हँडल घालवायचा निश्चय केला, असं सांगतात. पुस्तकागणिक तपशील बदलतो, पण कार्टर १९०८ मध्ये वारला हे खरं. काम चार्ल्स केटरिंगकडे गेलं. सगळे म्हणत की इंजिन फिरवायला लागणारी मोटर गाडीएवढी मोठी होईल. केटरिंगने आधी कॅश रजिस्टरला मोटर बसवली होती. काही सेकंदच फिरायचं असेल तर लहान मोटरवरही भरपूर ओव्हरलोड टाकता येतो, हे त्याला माहीत होतं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये स्टार्टर, जनरेटर, इग्निशन आणि विजेचे दिवे एकत्र आले, आणि दुसरी ड्यूअर ट्रॉफी मिळाली. गाडी एकट्याने, ताकद न लावता, संध्याकाळच्या कपड्यांत सुरू करता येऊ लागली. बायका स्वतः गाडी चालवू लागल्या त्यात या बटणाचा मोठा हात आहे. पाठोपाठ १९१५ चं मॉडेल व्ही-आठ इंजिनाचं आलं.

लेलँड देवमाणूस होता असं मात्र मी म्हणणार नाही. तो कट्टर धार्मिक, दारूचा शत्रू, आणि कामगार संघटनांचा तर कडवा विरोधक. मायक्रोमीटरवर पास होईल तेच खरं, ही त्याची दृष्टी माणसांनाही लागू होत असावी. त्याच्या हाताखाली काम करणं सोपं नसणार.

१९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. विमानांची लिबर्टी इंजिनं बनवण्यावरून जनरल मोटर्सच्या ड्यूरंटशी बिनसलं आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा लेलँड मुलासह बाहेर पडला. नवी कंपनी काढली आणि तिला १८६४ मध्ये आपण आयुष्यातलं पहिलं मत ज्याला दिलं त्याचं नाव दिलं, लिंकन. बारा सिलिंडरची साडेसहा हजार इंजिनं बनवली. मग युद्ध संपलं आणि हातात राहिला मोठा कारखाना, हजारो माणसं आणि कर्ज.

त्याने पुन्हा गाडी काढली. सप्टेंबर १९२० मध्ये लिंकन बाजारात आली. इंजिन अप्रतिम. व्ही-आठच, पण दोन रांगांमधला कोन नव्वद ऐवजी साठ अंश, कंप ठराविक लयीत जुळून येऊ नये म्हणून. पण बॉडी? जुनाट, पेटीसारखी. हजारो डॉलर मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला बॉनेटखालचे मायक्रॉन दिसत नाहीत, शेजाऱ्याला दिसते ती बॉडी. माझ्या मते म्हाताऱ्याचं गणित इथे चुकलं. त्यात तेव्हाच मंदी आली, आणि सरकारने युद्धकाळातल्या नफ्यावर लाखो डॉलरचा कर लावला. हा आकडा पुढे बराच फुगवलेला निघाला, पण तोवर उशीर झाला होता. नोव्हेंबर १९२१ मध्ये कंपनी रिसिव्हरच्या ताब्यात गेली.

४ फेब्रुवारी १९२२ ला लिलाव झाला. बोली एकच आली, ऐंशी लाख डॉलरची. बोली लावणारा हेन्री फोर्ड. वीस वर्षांपूर्वी ज्याच्या सोडलेल्या कारखान्यात लेलँडने कॅडिलॅक उभी केली, तोच. सुरुवातीला सगळं गोड होतं. कारखाना लेलँडच चालवणार, असं त्याला वाटत होतं. पण फोर्डची माणसं शॉपमध्ये फिरू लागली, प्रत्येक गोष्टीत बदल सुचवू लागली आणि रोज खटके उडू लागले. १० जूनला लेलँड बाप-लेकांना बाहेर काढलं. जेमतेम चार महिने टिकलं.

होस्टेलमध्ये यावर आमचा वाद झाला. बहुतेकांचं मत, फोर्ड जिंकला, विषय संपला. मला ते पटत नाही. फोर्डने स्वस्त गाडी दिली हे कबूल, पण त्याच्या असेंब्ली लाइनलाही सुटे भाग न घासता बसणारेच लागत होते, आणि ते होऊ शकतं हे ब्रुकलँड्सवर सगळ्या जगापुढे आधी दिसलं होतं. आणि लेलँडला स्वतःच्या खुर्चीपेक्षा जास्त टोचलं ते त्याच्या शब्दावर पैसे घातलेल्या भागधारकांचं बुडणं. त्यांना भरपाई द्यायचं फोर्डने तोंडी कबूल केलं होतं असं त्याचं म्हणणं. ऐंशीच्या घरातला हा माणूस त्यासाठी कोर्टात भांडला. वर्षानुवर्षं केस चालली, हाती काही लागलं नाही.

२६ मार्च १९३२ ला एकोणनव्वदाव्या वर्षी तो डेट्रॉइटमध्ये वारला. लिंकनची बॉडी फोर्डचा मुलगा एडसेल याने देखणी करून घेतली. कॅडिलॅक नंतर माशाच्या परांसारख्या शेपट्यांसाठी गाजली. १९८१ मध्ये तिने गरजेप्रमाणे आठ, सहा किंवा चार सिलिंडरवर चालणारं इंजिन आणलं तेव्हा मालक इतके वैतागले की अनेकांनी ती यंत्रणाच तोडून टाकायला लावली. म्हातारा असता तर गाडी गेटबाहेर गेलीच नसती.

आणि ते स्लिप गेजवाले योहान्सन? लेलँडला काढलं त्याच्या पुढच्याच वर्षी, १९२३ मध्ये, फोर्डने त्यांना आपल्याकडे कामाला घेतलं आणि ते गेज फोर्डच्याच कारखान्यात बनू लागले.